मूळ इंजिनावरचा पहारा

तुम्ही इकडे आलात की ज्या खोलीत झोपता, त्या खोलीत गेल्या दिवाळीपासून एक इंजिन आहे. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं होतं, "आजी, त्या चादरीखाली कोण झोपलंय?" तेव्हा मी विषय बदलला, कारण सगळं निस्तरलेलं नव्हतं. आता लिहिते. वाचायला जड गेलं तर आईला मोठ्याने वाचायला सांगा, पण इंग्रजीत करून मागू नका. शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. घरातली गोष्ट घरच्या भाषेतच बरी.

आपल्या बरकतपुऱ्याच्या घरात पोर्चमध्ये उभी असलेली दोन सीटची, छत मागे दुमडणारी हिरवी गाडी तुम्हाला माहीत आहे. ती आजोबांची आहे असं तुम्ही समजता. तसं नाही. ती आजोबांच्या थोरल्या भावाची. ते तुम्ही जन्मायच्या आधीच गेले. कागदांवर आता त्यांच्या पत्नीचं, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव आहे. तुम्ही त्यांना मोठी आजी म्हणता, मी अक्का म्हणते. त्या आमच्याजवळच राहतात, तुमच्या त्या खोलीच्या शेजारच्या खोलीत.

ही गाडी विलायतेत तयार झाली तेव्हा तिच्यात जे इंजिन बसवलं, तेच गेल्या दिवाळीपर्यंत तिच्यात होतं. इंजिनावर कोरलेला नंबर आणि कागदांवरचा नंबर एकच. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण अशा बहुतेक गाड्यांची इंजिनं एवढ्या वर्षांत फुटली, बदलली, भंगारात गेली. मूळ इंजिन शाबूत असलेली गाडी दिसली की जाणकारांचे डोळे कसे होतात ते मी पाहिलं आहे. लग्नाच्या हॉलमध्ये दुसरीच्या गळ्यातल्या जुन्या दागिन्याकडे बायका बघतात ना, तसे.

दोनएक वर्षांपासून त्या इंजिनातून निळा धूर येऊ लागला होता आणि चढावर आत काहीतरी ठकठक वाजायचं. आजोबा म्हणाले, असंच चालवत राहिलो तर एक दिवस आतला दांडा तुटेल, लोखंडाला भोक पाडून बाहेर येईल, आणि मग नंबर कोरलेलं ते धूड कायमचं गेलं. म्हणून त्यांनी ठरवलं की मूळ इंजिन फुटायच्या आधीच काढून जपून ठेवायचं, त्याच जातीचं दुसरं जुनं इंजिन मिळवून ते नव्यासारखं बांधून घ्यायचं, आणि गाडी त्याच्यावर फिरवायची.

अक्कांना विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, गाडीचं तुम्हाला कळतं. काढायचं तर काढा. पण त्यांचं इंजिन घराबाहेर जाऊ देऊ नका."

"नाही जाणार, वहिनी," आजोबा म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू बघशील ना?"

मी हो म्हटलं. आजोबांना माणसं लगेच आवडतात, आणि आवडलेल्या माणसाला ते काहीही देऊन टाकतात, हे अक्कांना आणि मला दोघींना ठाऊक आहे. म्हणजे पहारा माझ्याकडे आला.

आजोबांना जो मिस्त्री आवडला होता, त्याची शेड शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला. मी मुद्दाम बरोबर गेले. शेड इतकी स्वच्छ होती की मला तिथेच शंका आली. गॅरेजमध्ये फरशी चकाकते म्हणजे काम कमी आणि दिखावा जास्त. शिवाय मी जे म्हणेन त्याला तो "हौ अम्मा, बरोबर अम्मा" म्हणायचा. मुलं सगळ्याच प्रश्नांना 'यस टीचर' म्हणू लागली की मी गृहपाठाच्या वह्या मागवत असे. एका कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून सात-आठ इंजिनं ओळीने ठेवलेली होती.

"ये किसके हैं?" मी विचारलं.

"लोगां रख के गए, अम्मा."

"इंजिन ठेवून लोक विसरतात?"

"भूलते नै अम्मा," तो शांतपणे म्हणाला, "मर जाते."

हे उत्तर मला आवडलं नाही. आजोबा मात्र हसले. त्यांना तो आणखीच आवडला.

मग त्याने हळूच विषय काढला. दुसरं इंजिन बांधताना मापं लागतील, तेव्हा मूळ इंजिन त्याच्याकडेच ठेवलं तर बरं पडेल. मी म्हटलं, मापं घरी येऊन घ्या.

"अगं, शिंपी कधी घरी येतो का मापं घ्यायला?" आजोबा माझ्या कानाशी लागले.

"आमच्याकडे यायचा. आणि कापड आमच्या डोळ्यांसमोर बेतायचा."

तो आला. पोर्चमध्येच चेनकप्पी लावून त्याने इंजिन वर उचललं, गाडीबाहेर काढलं आणि जाड लाकडी चौकटीवर बसवलं. ते धूड चौघांनी मिळून तुमच्या खोलीत आणलं. तुमचा पलंग वर गेला. मिस्त्रीने सगळी भोकं बंद केली, आतून तेल सोडलं, आणि आजोबांना सांगितलं की महिन्यातून एकदा पुढच्या नटाला मोठा पाना लावून इंजिन हाताने थोडं फिरवायचं. नाहीतर आतले पिस्टन जागेवर चिकटतात. मग त्याने फोनवर चारही बाजूंनी फोटो काढले. अगदी खालूनही, जमिनीवर आडवा होऊन.

"इतने फोटो कायकू?" मी विचारलं.

"सबूत, अम्मा."

कशाचा सबूत ते त्याने सांगितलं नाही. मी चादर पांघरली, सुतळीने बांधली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कपाटात ठेवली. एकच दार उरलं, अक्कांच्या खोलीतून येणारं. त्याची कडी त्यांच्या बाजूला. ज्यांच्यासाठी पहारा द्यायचा त्यांच्याच दाराला काय कुलूप लावायचं?

दुसऱ्या इंजिनाचं काम सुरू झालं. कुठल्याशा गावी मोडीत निघालेल्या तशाच गाडीच्या इंजिनाचा सांगाडा मिळाला होता. बाकीचे भाग बाहेरून यायचे, त्यामुळे सगळं सावकाश. मधेच आजोबांनी वाद काढला. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारी दोन डबडी असतात, कार्बोरेटर म्हणतात त्यांना; ती काही लवकर मिळेनात. आजोबा म्हणाले, "मूळ इंजिनाची तात्पुरती घेऊ. ती नुसती पडूनच आहेत."

"आज डबडी घ्या," मी म्हटलं, "उद्या झाकण घ्या, परवा नुसता नंबर उरेल. तो फ्रेम करून लावा भिंतीवर."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे कस्टममधून सामान सोडवणं आहे."

"मग जाहीर करा ना काय काय नेताय ते."

डबडी राहिली जागेवर. पण त्यातून एक नवीन माणूस घरात शिरला. पुण्याहून इकडे आयटीत नोकरीला आलेला, जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याच्याकडे जोड कार्बोरेटर होते. ते द्यायच्या आधी त्याला मूळचे बघायचे होते, एकसारखे आहेत का म्हणून. मी कुलूप उघडलं आणि दारातच उभी राहिले. चादर निघाल्याबरोबर त्याचे डोळे तसे झाले. दागिन्यावाले.

"काकू, कधी द्यायचं मनात आलं तर आधी मला सांगा हं."

"मनात येणार नाही."

"नाही, सहज म्हटलं. कसं असतं ना, वस्तू वापरात नसली की खराब होते."

"आमच्याकडे होत नाही," मी म्हटलं. आजोबांनी त्याला दुसऱ्यांदा चहा विचारला. त्यानंतर त्या दोघांचे फोन सुरू झाले. आजोबा फोन घेऊन पोर्चमध्ये जायचे. मी खिडकीशी गेले की त्यांचा आवाज खाली यायचा. एकदा मी स्पष्ट ऐकलं: "हो, हो, ओरिजिनल घरातच आहे. तिला नको कळायला."

वर्गात कॉपी करणाऱ्या मुलीला पहिल्या नजरेत कोणी पकडत नाही. तिला लिहू द्यायचं.

उन्हाळ्यात आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, जोर लावायचा नाही असं बजावलं, त्यामुळे इंजिन फिरवणं राहून गेलं. त्याच सुमारास मला खुणा दिसू लागल्या. सुतळीची गाठ मी नेहमी एका पद्धतीने बांधते, ती दुसऱ्या पद्धतीने बांधलेली होती. चौकटीखालच्या वर्तमानपत्रावर तेलाचे थेंब होते, पण काळे नव्हते, पिवळसर, स्वच्छ. बोटावर घेऊन वास घेतला तर गाडीच्या तेलाचा वाटेना. इंजिनाच्या डोक्यावर चार प्लग असतात, ठिणगी पाडणारे. त्यातला एक बोटाने फिरत होता. इतका सैल प्लग मिस्त्रीने ठेवला नसता, आणि ठेवला असेल तर का?

मी तर्क केला. कोणीतरी आतलं चांगलं तेल काढून घेतं आहे आणि दिसायला पातळी राहावी म्हणून भलतंच काहीतरी भरतं आहे. म्हणजे इंजिनाशी खेळ चालू आहे. आज तेल, उद्या पिस्टन. पण कोण? मिस्त्री मधून मधून मापांसाठी यायचा, तेव्हा मी समोर असायची. एकदाच फोन आला म्हणून पाच मिनिटं हलले होते. पुणेकर एकटा कधी आत गेला नव्हता. राहिले तुमचे आजोबा. त्यांना माझ्या कपाटाची सवय आहे आणि ते किल्ली घेऊ शकतात. जेवताना मी त्यांच्या हातांकडे बघू लागले, नखांत तेल दिसतं का म्हणून.

"काय बघतेस?" ते म्हणाले.

"काही नाही. नखं वाढली आहेत."

अक्का पानातून वर न बघता म्हणाल्या, "भाऊजी, कापून टाका. ही मोजत बसेल."

पावसाळा सुरू झाला आणि मिस्त्रीचा निरोप आला की दुसरं इंजिन बांधून झालं आहे, शेवटचं एक माप ताडून बघायचं आहे. तो आला त्या दिवशी शनिवार होता. आजोबांचे डोळे बरे झाले होते. त्यांनी उत्साहाने पाना नटाला लावला आणि ओढला. इंजिन हललं नाही. त्यांनी पुन्हा ओढला. मिस्त्रीने त्यांच्या हातातून पाना घेतला, पाय रोवून जोर लावला. केसभर हललं आणि थांबलं.

मग तिघं एकदम बोललो.

"मी म्हटलं होतं ना!" मी मिस्त्रीला म्हटलं, "तेल किसने बदला? ये देखो, प्लग सैल, गाठ बदललेली, तेल पिवळं!"

"देखो अम्मा," मिस्त्रीने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला, "मैं दिया तब का फोटो. प्लग टाइट. तेल काला. मेरेकू मालूम था ऐसा एक दिन आता. बड़े लोगां खुद बिगाड़ते, नाम मिस्त्री का."

आणि आजोबा? आजोबा माझ्याकडे बघत होते. "खरं सांग. तू काही घातलंस का यात? जपायचं म्हणून? तुझ्या लोणच्यासारखं?"

"मी? पोर्चमध्ये जाऊन 'तिला नको कळायला' मी बोलते का?"

आजोबांचा चेहरा पडला. म्हणाले, तो पुणेकर कार्बोरेटर विकत द्यायला तयार नव्हता, अदलाबदल मागत होता, आणि त्यांनी त्याला आपलं जुनं घड्याळ देऊ केलं होतं. फोनवरचं 'ओरिजिनल' म्हणजे तेच घड्याळ, जे मी त्यांना दिलं होतं. हे मी ऐकून घेतलं. खरं मानलं असं म्हणत नाही, पण घड्याळ तेव्हापासून मला दिसलेलं नाही.

मिस्त्री तोवर एक प्लग काढून नाकाशी धरून बसला होता. "अम्मा," तो म्हणाला, "ये तो तिल का तेल है."

अक्कांच्या बाजूचं दार उघडलं. त्या अंघोळ करून, हातात तेलाचं छोटं भांडं घेऊन उभ्या होत्या. आम्हाला सगळ्यांना बघून थबकल्या नाहीत. भांडं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"मी घालते. शनिवारचं," त्या म्हणाल्या. "लोखंड रिकामं पडलं की शनी येऊन बसतो त्यात. घरात तेवढं मोठं लोखंड, आणि कोणी तेल द्यायचं नाही? मारुतीला देते, याला पण देते."

"वहिनी, पण आतमध्ये? प्लग काढून?" आजोबांनी विचारलं.

"वरून ओतलं असतं तर हिला वास आला नसता काय?" अक्कांनी माझ्याकडे हनुवटी केली. मग चौकटीच्या मागून त्यांनी एक लांब नळीसारखा पाना काढला. "प्लग काढायला मला त्यांनीच शिकवलं. रस्त्यात गाडी आचके द्यायला लागली की ते बॉनेट उघडायचे, आणि प्लग मी काढून पुसायची. त्यांचे हात मोठे होते, कोपऱ्यात जायचे नाहीत. तुम्हाला काय वाटलं, मी नुसती शेजारी बसून केस सांभाळायची?"

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. मी सगळ्यांवर नजर ठेवली होती, आणि शनिवारी तेलाचं भांडं घेऊन देवघरातून येणाऱ्या बाईकडे पाहिलंच नव्हतं.

मिस्त्रीने सांगितलं ते सरळ होतं. गोडं तेल उन्हाळ्याच्या उष्णतेत डिंकासारखं होतं. पिस्टन त्याने धरले आहेत. जोर लावला तर काहीतरी मोडेल. दोनच रस्ते: झाकण उतरवून, आतलं सगळं सुटं करून, धुऊन पुन्हा जोडायचं, आणि ते फक्त त्याच्या शेडमध्ये होईल, किंवा आहे तसं राहू द्यायचं, मग ते इंजिन पुन्हा कधी फिरणार नाही.

मला लगेच वाटलं, आलं गाडं त्याला हवं होतं तिथे. इंजिन कुकटपल्लीला, तेही सुटं सुटं. सुटा पिस्टन कोणाचा, कोण ओळखणार?

"नाही न्यायचं," मी म्हटलं. "अक्कांना शब्द दिला आहे."

"मग न फिरणारं इंजिन काय करायचं? तुळशीजवळ ठेवायचं?" आजोबा म्हणाले.

आम्ही दोघं अक्कांकडे बघू लागलो. इंजिन त्यांचं, शब्द त्यांना दिलेला. त्या जवळ गेल्या, पाना हातात घेतला, नटाला लावला आणि स्वतः ओढून बघितलं. त्यांच्याने काय होणार? पाना काढून त्यांनी पदराने नट पुसला.

"त्यांना कधी बंद इंजिन आवडलं नाही," त्या म्हणाल्या. मग मिस्त्रीकडे वळल्या. "तेरे पास कुर्सी है?"

"है, अम्मा."

"पाठ टेकायची?"

"हौ."

"मग चला. मी बरोबर बसते."

आणि खरंच बसल्या. इंजिन टेम्पोत चढलं आणि अक्का मागून आजोबांबरोबर रिक्षाने गेल्या. काम संपेपर्यंत रोज सकाळी त्या डबा घेऊन कुकटपल्लीला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. मी म्हटलं, मीही येते. त्या म्हणाल्या, "तू नक्को. तू आलीस की त्याचे हात थरथरतात." एकदा मी न सांगता गेलेच. शेडमध्ये पंख्याखाली अक्का खुर्चीत बसल्या होत्या, पुढ्यात कापडावर पिस्टन मांडलेले, आणि त्या एकेक जुन्या फडक्याने पुसत होत्या. मिस्त्री त्यांना सांगत होता की त्याची आईसुद्धा प्रत्येक शुक्रवारी मशीनला अगरबत्ती लावते, पण तेल नाही घालत. "तेल नक्को डालो मौसी," तो म्हणत होता, "फूल डालो."

मी बाहेरूनच परत आले. 'अम्मा' मी, आणि त्या 'मौसी'. हेही मला खटकलं.

इंजिन घरी परत आलं, पुन्हा चौकटीवर बसलं. त्याच आठवड्यात दुसरं इंजिन गाडीत चढलं आणि आजोबा नल्लकुंट्यापर्यंत एक फेरी मारून आले, अगदी लहान मुलासारखे. धूर नाही, ठकठक नाही. मी बघायला गेले नाही. मी भिंग घेऊन तुमच्या खोलीत होते. नंबर ताडून पाहिला. बरोबर होता. पण नंबर कोरताही येतो.

अक्का दारातून बघत होत्या.

"अक्का, तिथे तुम्ही दिवसभर जाग्या होतात?"

"दिवसभर कशी राहीन? जेवण झालं की डोळा लागायचा जरा."

"जरा म्हणजे?"

"चहा यायचा तोवर."

मी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे त्या वेळात त्याने काय केलं, तुम्हाला माहीत नाही. मग हे तेच इंजिन आहे, त्यातलं सगळं तेच आहे, हे कशावरून?"

"कशावरून काय? मी त्याच्या हातात दिलं, त्यानं माझ्या हातात परत दिलं." त्यांनी पाना नटाला लावला. या वेळी जोर लावावा लागला नाही. आत काहीतरी जड, ओलं, शहाण्यासारखं सरकलं आणि इंजिन फिरलं. अक्कांनी पुन्हा फिरवलं, उगीचच. "आणि संशय घ्यायला तू आहेस ना घरात. दोघींनी कशाला घ्यायचा?"

आता महिन्याला इंजिन त्याच फिरवतात, आणि फूल ठेवतात. मिस्त्री मधून मधून येतो, काम नसताना, आणि त्यांच्याशी बोलत बसतो. तो का येतो हे मी अजून शोधते आहे.

तुम्ही याल तेव्हा तुमच्या गाद्या वरच्या खोलीत असतील. इंजिनाला हात लावून बघायचा असेल तर मोठ्या आजीला विचारा. ती पाना तुमच्या हातातही देईल. मला विचारलंत तर मी नाही म्हणेन.